कामावर गेलेली सून

प्रिय आत्याबाई,

आज माझ्या हातून एका नवरीचं ब्लाउज बिघडलं, म्हणून लिहितेय. कापायला घेतलं आणि ह्यांनी बाहेरून हाक मारली, "अगं, माझा चार्जर कुठं हाय? दिसंना!" उठून शोधून दिला. परत आले आणि मागचा खोल गळा पुढच्या भागावर कापून बसले. परवा लग्न आहे. साडीतलंच कापड ते, आता दुसरं कुठून आणू?

तुम्ही होता तेव्हा असं झालं असतं का? नऊ वाजले की तुम्ही मला चप्पल घालायला लावायचात, हातात डबा द्यायचात. मी पुढच्या दारानं निघायचं आणि घराला वळसा घालून मागच्या दारानं मशीनच्या खोलीत शिरायचं! अख्खं नेकनूर गाव हसायचं. तुम्ही मात्र ओट्यावर बसून येईल त्याला सांगायचात, "सून कामावर गेलीया. पाचला यील." आत मशीन खडखडत असायची, तरी कुणी पाऊल टाकत नव्हतं.

पण त्या दिवशी छातीत कळ आली, तेव्हासुद्धा तुम्ही हाच नियम पाळलात? शेजारच्या शकीलाभाभी मला बोलवायला उठल्या, तर म्हणालात, "नगं, कामावर हाय ती. मला पानी तेवढं द्या." भाभी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी दहा पावलांवर होते हो! लई राग येतो मला तुमचा.

तेव्हापासून कुणालाच नाही म्हणता येत नाही. जाऊबाई लेकरू माझ्याकडे टाकून बाजारात जातात. हे म्हणतात, "घरीच तर हायेस." आणि मी प्रत्येक हाकेला धावते. वाटतं, या वेळीही कुणाच्या जिवावर बेतलं असलं तर? कापड सुईखाली अडकून राहतं, गिऱ्हाईकं दुसरीकडे जातात. काल हे म्हणाले, मशीन विकून टाकू. आत्याबाई, मशीन गेली तर माझं असं काय उरतं? मी काय करू, सांगा ना!

ब्लाउजला कसाबसा जोड देईन. पण उद्या नऊला मी चप्पल घालणार, डबा घेणार, पुढच्या दारानं निघणार. ओट्यावर आता कुणी नाही, म्हणून मीच घरात सगळ्यांना सांगणार, पाचपर्यंत मी कामावर आहे. फक्त जिवाला काही होत असेल, तर मात्र खुशाल हाक मारायची.

एवढंच तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

तुमचीच,
सुमन