ओळखीची

ओरुरो, २ जून

कोमाद्रे देल्मिरा यांस,

नमस्कार. जूनच्या या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत? इथे पहाटे नळात बर्फ धरतो. इल्यारीच्या पोटावरची जखम भरत आली असेल. अंघोळीच्या वेळी तेवढी जागा कोरडी ठेवा.

माझ्या वकीलबाई म्हणाल्या, झालं ते क्रमाने लिही, दोष कुणाला देऊ नकोस. तसंच लिहिते.

१. इल्यारी दोन वर्षांची असताना तिचं जावळ काढलं. पहिली बट तुम्ही कापलीत, तिला मेंढी दिलीत. तेव्हापासून तुम्ही तिच्या धर्ममाता आणि माझ्या कोमाद्रे.

२. खाणीच्या प्रयोगशाळेचं काम शिकायला मी ओरुरोला आले. मुलगी तुमच्याकडे ठेवली.

३. तिच्या शाळेला कागद लागतो म्हणून आपण दोघी न्यायालयात गेलो. मी सही केली.

४. तो दत्तकाचा कागद होता. त्या सहीने माझे आईचे सगळे हक्क संपले.

५. शिक्षण पूर्ण करून मी तिला न्यायला आले, तेव्हा हे मला कळलं.

वकीलबाईंनी विचारलं, "तुला वाचता येत होतं, मग वाचलं का नाहीस?" त्या राजधानीच्या. कोमाद्रेने पुढे केलेला कागद तिच्यासमोर वाचत बसणं म्हणजे तिच्या तोंडावर अविश्वास दाखवणं, हे त्यांना कसं सांगू? आज मी खनिजाचा नमुना पुन्हा तपासल्याशिवाय आकडा लिहीत नाही. त्या दिवशी एक पान उलटलं नाही. त्यात काय लिहिलंय हे तुम्हाला तरी ठाऊक होतं का, ते मी विचारत नाही.

संपलेलं नातं न्यायालय पुन्हा जोडून देत नाही म्हणे. वाट एकच आहे. मी माझ्याच मुलीला दत्तक घ्यायचं, तुमच्या संमतीने. अर्जात 'मुलीशी नातं' असा रकाना आहे. मी कारकुनाला म्हटलं, जन्मदाती लिहा. तो म्हणाला, "बाई, ते कागदावर संपलंय. कोमाद्रेची कोमाद्रे लिहू की काय?" शेजारचे हसले. मग त्याने 'काही नाही' असं लिहिलं.

इथे पत्र संपवणार होते.

इल्यारीचं पोटाचं ऑपरेशन झालं, त्या दिवशी मी मिळेल त्या बसने आले. दवाखान्याच्या दारात रखवालदाराने नातं विचारलं. तुम्ही आतून म्हणालात, "येऊ दे तिला, आमच्या ओळखीची आहे." माझ्या भल्यासाठीच म्हणालात, नाहीतर त्याने सोडलंच नसतं. मी आत आले. इल्यारी गुंगीत "आई" म्हणाली. मी पुढे झाले. तिने चाचपडत तुमचा हात धरला.

तेव्हा मी खिडकीकडे का गेले, ते तुम्ही विचारलं नाहीत. बरं केलंत.

तिला तुमच्या घरातून हलवणार नाही. तुमच्या हातचं शेंगदाण्याचं सूप सोडून ती माझ्याकडे जेवायचीही नाही. पण तुम्ही सही केलीत, तर त्या रकान्यात तुमच्यासाठी 'काही नाही' येईल. कायद्यात दोघींना जागा नाही. मी वकीलबाईंना पुन्हा पुन्हा विचारलं. हे लपवून मला सही नको आहे.

म्हणून तुम्ही सहीला आलात, तर प्रत्येक पान मी मोठ्याने वाचून दाखवेन. अविश्वास समजू नका. आणि पुढे कधी कुणी तुम्हाला दवाखान्याच्या दारात अडवलं, तर मी 'ओळखीची' म्हणणार नाही. तिची आई आहे, असं सांगेन.

सुनावणी २० जूनला आहे. १५ जूनपर्यंत हो किंवा नाही, काय ते कळवा.

तुमच्या ओळखीची,
योवाना