मुकादमची घुरघुर

दुकानातून,
४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ. वि. वि.

फुंकर गेली. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला ओळी गाळत धावावं लागणार नाही. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू रडतेस, मी ओरडते आणि बोलायचं ते राहून जातं.

रविवारी सकाळी ती पडद्याच्या दोरीशी खेळत होती. खेळता खेळता खाली बसली आणि मांजर असून कुत्र्यासारखी तोंड उघडून धापा टाकू लागली. मी उचलेपर्यंत तिचे मागचे दोन्ही पाय लुळे पडले होते. पुढचे पंजे नेहमीसारखे ऊबदार, मागचे गार. ती जी ओरडत होती ते मला लिहिता येणार नाही. ह्यांनी अनवाणीच गाडी काढली. दवाखान्यात पोचलो तेव्हा जीव होता. फार वेळ राहिला नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला यंत्राच्या पडद्यावर दाखवलं. हृदयाचा स्नायू जाड झाला होता, आत रक्ताची गुठळी धरली आणि ती पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडकली. वर्षाचीसुद्धा नव्हती गं ती. हा आजार बरेचदा आईबापांकडून येतो, असं त्या म्हणाल्या आणि बापाचं हृदय कधी तपासलं आहे का, असं त्यांनी विचारलं. बहिणीला विचारून सांगते, म्हटलं.

बोळा तिचाच भाऊ. त्याला घरी एकटं ठेवायचं धाडस होत नाही, म्हणून दुकानात आणला आहे. आत्ता औषधांच्या रिकाम्या खोक्यात झोपलाय. गिऱ्हाईक समोर असतं आणि माझं लक्ष त्याच्या पोटाकडे, वरखाली होतंय ना. आज एका आजोबांच्या हातात खोकल्याऐवजी पित्ताचं औषध देत होते. त्यांनीच बाटली परत माझ्यापुढे सरकवली. इतकी वर्षं दुकान चालवते आहे, असं कधी झालं नव्हतं.

तर एकच विचारते. त्यांच्या बापाचं, तुझ्या मुकादमचं हृदय तपासून घेतलं आहेस का? हो की नाही, तेवढंच लिही. रागावू नकोस असं म्हणणार नाही. रागाव, पण उत्तर दे. लोभ होता तेवढाच आहे.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मशीनवर बसूनच वाचलं आणि शिवायला घेतलेली बाही उलटी जोडली. फुंकर माझ्या हातावर जन्मली होती. दुलई मांजरीच्या पोटातून सगळ्यात शेवटी आली, श्वास घेईना, तेव्हा मी तिच्या नाकावर फुंकर घातली होती, म्हणून ते नाव. आणि तू मला हो की नाही विचारतेस. कोर्टात उभं केल्यासारखं वाटलं.

हो. मुकादमला मी दरवर्षी डॉक्टरांकडे नेते. टोचून घेते, वजन करते, दात दाखवते. डॉक्टर छातीला नळीही लावतात. पण तुला त्याचं घुरघुरणं माहीत आहे. कुणी हात लावला की सुरू, जणू पोटात दुसरं शिवणयंत्र बसवलंय. डॉक्टर दर वेळी हसतात आणि म्हणतात की हा गडी काही ऐकूच देत नाही, पण एवढा खूश प्राणी आजारी कसा असेल. त्याची सगळी पिलं तशीच घुरघुरतात. लोक लांबून माझ्याकडे येतात ते त्यासाठीच.

तुझ्या घरी काय झालं ते मला कसं कळणार? दुकानातून येतेस ती हात धुऊन मांजरांना घेतेस का? त्या दोरीचा काच तर बसला नसेल ना? लोकांच्या हलगर्जीपणाचा मला पुरेपूर अनुभव आहे. ती दातांची डॉक्टरीण आठवते? आधीच्या वेतातलं पिल्लू तिने नेलं होतं. तेही पडद्याच्या दांडीवरून पडून गेलं. तिने रडत फोन केला तेव्हा मी स्पष्ट सांगितलं होतं की दांड्या पक्क्या ठोकायला हव्या होत्या.

दुलईला परत दिवस गेले आहेत. पोट टोपलीत मावत नाही. मुकादम मशीनच्या फळीवर बसून देखरेख करतो आहे आणि मी टाके घालते आहे. भावोजींना नमस्कार. तू मात्र माझ्याशी जरा प्रेमाने बोलायला शीक. एवढंच मागणं.

तुझी,
ठमी


१५ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या पडलेल्या पिल्लापाशी अडकले. हात मी धुते. दोरीचा काच बसलेला नव्हता. आता माझं ऐक.

धडधाकट मांजर पडद्याच्या दांडीवरून पडून मरत नाही. ते चार पायांवर उतरतं आणि आपल्याकडेच रागाने बघतं. ते पिल्लू पडून मेलं नसणार. आधी मेलं असेल, मग पडलं असेल.

दुसरं, घुरघुरीचं. परवा बोळ्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. टेबलावर ठेवताच तोही सुरू झाला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी उठून बेसिनचा नळ सोडला. पाण्याच्या आवाजाने बोळ्याचे कान वळले, घुरघुर थांबली, आणि तेवढ्यात त्यांनी नळी लावली. बराच वेळ ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ठोक्यांच्या मध्ये बारीक फुसफुस आहे असं म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात यंत्रावर बघणार आहेत. मांजर घुरघुरत असताना हृदय ऐकू येत नाही, हे कुठल्याही प्राण्यांच्या डॉक्टरला माहीत असतं, असंही म्हणाल्या. तुझ्या डॉक्टरांनी मुकादमचं हृदय कधी ऐकलेलंच नाही, ठमे. त्यांनी फक्त घुरघुर ऐकली.

तुझी शिवण उसवली तर गिऱ्हाईक परत येतं, आणि तू एक शब्द न बोलता नव्याने शिवून देतेस. तिथे तुला कुणी शिकवावं लागत नाही. मग पिल्लू दाराबाहेर गेलं की तुझं काम संपलं, हे कुणी ठरवलं? त्याच्या बापाला तू निवडलंस. पिल्लाने नाही, नेणाऱ्यानेही नाही.

नळ सोड आणि कान लाव. काही ऐकू आलं नाही तरी यंत्रावर तपासून घे, कारण नुसत्या कानाने सगळं कळत नाही. मी घाबरले आहे. बोळा मांडीवर येतो तेव्हा त्याला खाली ठेवते, कारण तो घुरघुरायला लागला की मला आतलं काही कळेनासं होतं.

उत्तर लवकर दे. जीव आहे तुझ्यावर, म्हणूनच एवढं टोचून लिहिलं.

तुझी,
ताई


९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र कात्रीखाली ठेवून मी बरेच दिवस नुसती शिवत बसले. मुकादम समोर बसायचा आणि मी त्याच्याकडे न बघता सुईत दोरा ओवायचे.

मग एका दुपारी त्याला बेसिनपाशी नेलं. कडेवर घेताच घुरघुर सुरू. नळ सोडला. तो थांबला, पाण्याकडे बघत राहिला, आणि मी डाव्या कुशीला कान लावला. ठोका, मग बारीक सुस्कारा, मग ठोका. मशीनचा पट्टा सैल झाला की असाच आवाज येतो. तो मला झोपेतही ओळखू येईल. मी नळ बंद केला. तो लगेच पुन्हा घुरघुरायला लागला, ताई. माझ्याकडे बघून, डोळे मिटून.

दुसऱ्या डॉक्टरांकडे यंत्रावर बघितलं. आहे. औषध सुरू केलं आहे. त्याला पिलं होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया करायची, पण हृदयाचं बघून, जपून. दुलईचंही हृदय तपासलं. तिचं आज तरी ठीक आहे, तरी तिलाही आता पुन्हा पिलं होऊ देणार नाही.

ज्यांनी ज्यांनी पिलं नेली त्या सगळ्यांना कळवलं. एकाने खूप बोलून घेतलं, मी ऐकून घेतलं. एकीचं मांजर तपासणीत धडधाकट निघालं. तिने मलाच धीर दिला, त्याने जास्त रडू आलं. दातांच्या डॉक्टरिणीकडे मी स्वतः गेले. पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसलेला, तरी तिने हातातलं काम थांबवलं. चूक तिच्या दांडीची नव्हती, असं मी सांगितलं. ती म्हणाली की त्या दिवसापासून तिने घरातले सगळे पडदे काढून टाकले आहेत. मी जिना कशी उतरले मला आठवत नाही.

दुलई व्यायली. चौघं आहेत. आधी सांगून ठेवलेल्यांना नाही म्हटलं. आता तू म्हणशील की शहाणी झाले. नाही झाले. काल त्यातलं एक दूध पिता पिता पहिल्यांदा घुरघुरलं. याआधी असं झालं की मी सगळी आळी गोळा करायचे. काल मात्र धावत जाऊन नळ सोडला आणि पिल्लू हातात धरून उभी राहिले. कान लावायचा धीर होईना. पाणी वाहत राहिलं.

तू ये. मला एकटीला हे झेपत नाही. बोळा कसा आहे ते लिहायची तुला भीती वाटते आहे का? तरी लिही.

तुझी,
ठमी


१३ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ. वि. वि.

बोळ्याचं हृदय थोडं जाड झालं आहे. रोज गोळी द्यायची. औषधांच्या खोक्यात झोपणाऱ्याला ते शोभतंच, असं हे म्हणाले. मी हसले, आणि मग आत जाऊन बसले. किती दिवस, ते बाईंनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. कालपासून त्याला मांडीवर बसू देते.

तू दातांच्या डॉक्टरिणीचा जिना चढलीस. मला जमलं असतं की नाही, सांगता येत नाही.

आता पिलांचं. एवढ्याशा जिवाच्या छातीत आज काही कळणार नाही, कान लाव की नको लाव. मोठी होतील तेव्हा यंत्रावर बघायचं, पुढेही बघत राहायचं, आणि तोवर ती कुणाच्या दारात जायची नाहीत. म्हणजे भीती बरेच दिवस घरात राहणार. तिला जागा करायला मी शनिवारी येते आहे. माझं अंथरूण मशीनच्या खोलीत घाल, टोपलीजवळ.

तोवर नळ बंद ठेव. त्यांना घुरघुरू दे.

तुझी,
ताई