वाफेच्या चाकावरची गाठ

प्रिय दादा,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. रागात माझे अक्षर बिघडते, म्हणून हे पत्र आधी कच्चे लिहून मग नीट उतरवले आहे. तुला लाल शाईने चुका काढायची सवय आहे. या वेळी शोध, सापडल्या तर.

तुझे पत्र मीच बाबांना वाचून दाखवले. त्यांना आता जवळचे दिसत नाही. 'बाबांनी तेव्हा निष्काळजीपणा केला नसता तर मला घर सोडावे लागले नसते' हे वाक्य मी गाळायला हवे होते, पण तोंडातून निघून गेले. बाबा म्हणाले, खरंच लिहिलंय पोरानं. आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चहाच्या टपरीवर अजून त्यांना 'फुगा' म्हणतात, 'आला रे फुगा, डबे लपवा!' म्हणून हसतात. ते चहा संपवून पैसे ठेवतात आणि उठतात. आता घरच्या माणसाकडूनही तेच, तेही टपालखर्च करून!

म्हणून ते चाक एकदा स्वतः पाहायला मी मासळीच्या डब्यांच्या त्या बंद कारखान्यात गेलो. रस्त्याकडचे फाटक ढिगाऱ्याखाली गेले आहे, तेव्हा जाळी विणणाऱ्या काकांची होडी मागितली. मी किती घाबरट ते तुला माहीत आहे. होडीचा तळ पुन्हा पुन्हा चाचपला, दोर जास्तीचा घेतला. काका म्हणाले, अरे, कारखान्यात चाललास की दर्या ओलांडायला?

भरतीचे पाणी थेट मासे साफ करायच्या खोलीत शिरते. मी आत वल्हवत गेलो. आई जिथे दिवसभर उभी राहून मासे कापायची, त्या टेबलावर खेकडे बसले होते. छपराच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पाण्यात पडले होते. गंजलेल्या डब्यांचा ढीग होडीला घासला तेव्हा मी पुन्हा तळ चाचपला. मग पायऱ्यांना होडी बांधली आणि वर वाफेच्या खोलीत गेलो.

तूही बाबांबरोबर तिथेच कामाला होतास, तिथली पद्धत तुला सांगायला नको, तरी लिहितो. वाफ कमी करायची तर चाक अर्धे फिरवून दोरीने बांधायचे, आणि ज्याने बांधले त्यानेच सोडायचे. दुसऱ्याने हात लावायचा नाही. मोसमाच्या शेवटच्या दिवशी ते चाक बांधलेलेच राहिले. डबे अर्धे कच्चे निघाले, दुकानांत फुगले, माणसे आजारी पडली आणि कारखाना पुन्हा उघडलाच नाही. साहेबांनी बाबांना चाकासमोर उभे केले तेव्हा ते म्हणाले, गाठ माझी, मीच विसरलो. माझी शाळा सुटली ती त्यानंतर.

दादा, ती गाठ अजून तिथेच आहे. नायलॉन कुजत नाही. आणि ती उलटी आहे. तू डावखुरा, तुझी गाठ उलटी पडते. माझ्या बुटांच्या नाड्या तूच बांधायला शिकवल्यास, म्हणून माझीही पडते आणि लोक हसतात. अशी गाठ मारणारे आपण दोघेच, आणि मी तेव्हा वर्गात बसलो होतो. बाबा माल उतरवायला धक्क्यावर होते. चाक तुझ्या हातात होते. तू कुठे उंडारायला गेलास ते मला नको सांगूस. विसरलास, माणूस विसरतो. पण तुझे पाप म्हाताऱ्याच्या माथी मारून वर त्यालाच उपदेश करतोस? लाज कशी वाटली नाही रे?

मी दोन्ही बाजूंनी दोरी कापून गाठ घरी आणली आणि बाबांच्या हातात ठेवली. त्यांना ती दिसली नाही, पण बोटांनी चाचपताच चेहरा उतरला. म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होते. ते एवढेच म्हणाले, जिथून आणलीस तिथे बांधून ये. थोरल्याला कळू देऊ नकोस.

आजवर मी त्यांचा शब्द मोडला नव्हता. आज मोडतो आहे. गाठ याच पाकिटात घातली आहे. सोडलेली नाही, कारण ती माझी नाही. ती घेऊन ये, टपरीवर सगळ्यांसमोर बाबांच्या शेजारी बस, आणि तिथे सोड.

आलास तर तुझाच,
धाकटा