तुझी किडनी, माझा खोकला

प्रिय चिमे,

फोन करून पाहिले. तुझा नुसता वाजत राहतो आणि जावईबापूंचा कायम ‘व्यस्त’. म्हणून शेवटी कागद घेतला. कागदाला खोकला येत नाही, बिनधास्त हातात घे.

माझा जनावरांचा दवाखाना अजून चालू आहे, अर्धा दिवस का होईना. इंजेक्शन देताना कुत्र्यापेक्षा मलाच जास्त धाप लागते, मग मालक त्याला सोडून मला पाणी देतात. वजन इतकं उतरलंय की तुझा कॉलेजातला निळा कुडता मला ढगळ होतो. आई म्हणते, छान दिसतेस. आईला खोटं बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहेच.

मागच्या वर्षी खोकला सुरू झाला, संध्याकाळी अंगात कसकस, उशी घामानं ओली. थुंकी तपासली, काचेखाली जंतू दिसले आणि डॉक्टर म्हणाले, टीबी. त्या आठवड्यात तू आली नाहीस, ते बरोबरच होतं. घरात लहान पोर आहे, मीच तुला येऊ नको म्हटलं होतं. पण जावईबापूंनी तेवढ्यावर भागवलं नाही. मी तुझ्या पिल्लूला शिवलेली गोधडी त्यांनी गच्चीत नेऊन जाळली. वर फोनवर मला म्हणाले, “ताई, मनाला लावून घेऊ नका, काळजीपोटी केलं.” मी म्हटलं, “बरं केलंत.” दुसरं काय म्हणणार?

पुढचं तुला कुणी नीट सांगितलंय की नाही, माहीत नाही. तो टीबी नव्हताच. प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहायला कितीतरी आठवडे गेले, तेव्हा कळलं. टीबीच्या जंतूचाच भाऊबंद, पण राहतो मातीत, पाण्यात, नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात. तुझ्या-माझ्या सगळ्यांच्या अंगावरून रोज जातो आणि धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. माझं तसं नाही. तुझी किडनी माझ्या शरीरानं परकी म्हणून झिडकारू नये, म्हणून मी रोज गोळ्या घेते आणि त्या गोळ्या शरीराची झुंजायची ताकदच दाबून ठेवतात. त्याला आयतं रान मिळालं. आणि नीट वाच, माझ्यासारख्या रोग्याकडून तो घरच्यांना लागत नाही. मी तो अहवाल तुमच्या दोघांच्या फोनवर पाठवला. जावईबापूंचं एका ओळीचं उत्तर आलं: “जंतू तो जंतूच.” तुझं तेवढंही आलं नाही.

त्याच सुमारास दवाखान्यात एक शिंपीकाका बोका घेऊन यायचे. बोक्याला दुसऱ्या आजारासाठी स्टेरॉइड चालू होतं आणि पोटावर जखमा, एक सुकली की शेजारी दुसरी फुटायची. तपासलं तर माझ्याच जंतूच्या कुळातला. मी काकांना स्वच्छ सांगितलं, हातमोजे घाला, हात धुवा, हा बहुतेक वाचायचा नाही. ते म्हणाले, “वाचायचा नसेल तर मग मांडीवरून खाली कशाला उतरवू?” रोज जुन्या टॉवेलात गुंडाळून आणायचे, हातमोजे घालून जखम धुवायचे, पुन्हा उचलून न्यायचे. गेला तो. त्या दिवशी मला त्या बोक्याचा हेवा वाटला, चिमे. बोक्याचा!

टीबी समजून दिलेल्या औषधांनी किडनीच्या गोळ्यांचा जोरच मारून टाकला. खरा जंतू कळेपर्यंत किडनीला जे व्हायचं ते झालं होतं. आता डॉक्टर म्हणतात, दोन्ही राखता येणार नाहीत. गोळ्या चालू ठेवल्या तर फुफ्फुसं जातील आणि बंद केल्या तर किडनी. मी फुफ्फुसं निवडली. डायलिसिसच्या खुर्चीत बसून श्वास तरी घेता येतो.

परवा आईच्या तोंडून निसटलं. “ती आता परत किडनी मागेल, या धास्तीनं ते फोन घेत नाहीत गं.” म्हणजे जंतूची भीती केव्हाच संपली होती. मागच्या वेळी तपासणीत जावईबापूही जुळले होते आणि तू हट्टानं म्हणाली होतीस, “माझी ताई आहे, मीच देणार.” ते मी विसरले नव्हते, पण माझ्या मनात त्यांचं नावही आलं नव्हतं गं. तुम्ही दोघांनी मात्र ते धरूनच ठेवलं होतंत.

पत्र एवढ्यासाठीच. गुरुवारी माझ्या गोळ्या बंद होतील. वस्तू तुझी, तेव्हा ती जाणार हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं. दुसरीसाठी मी यादीत नाव घातलेलं नाही, घालणारही नाही. तुमच्या घरात कुणाकडे मागणार नाही, जावईबापूंना सांग, खुशाल फोन उचला. तू हॉस्पिटलात येऊ नकोस. आलीस तर मी रडेन आणि मग खोकला थांबत नाही. आणि पाणी पीत जा. तुला लहानपणापासून त्याचा कंटाळा, पण आता तुझ्याकडेही एकच उरली आहे.

अजून थोडे दिवस खरोखरच तुझीच,
ताई