कत्ती बेडा

अण्णा, तुमचं खरं निघालं. तेही कॅम्पातल्या भरल्या हॉलात, काकांच्या डोळ्यांदेखत.

मी लहान असताना साडी पोचवायला तुम्ही कॅम्पात, लष्कराच्या वस्तीत, गेला होता आणि तिथल्या थेटरात तो काळापांढरा जपानी पिक्चर बघून आला होता. दुसऱ्या दिवशी शहापुरात मागावर बसून तुम्ही तो सांगताय, मी शेजारी सुताच्या कांड्या भरतेय. गावोगाव भटकणारा तलवारबाज, अंगरखा फाटका, पायात गवताच्या वहाणा. गाव छळणाऱ्या दांडग्याला तो लोळवतो, आणि मारायची वेळ येते तेव्हा तलवार म्यान करतो. "आनि म्हनला, कत्ती बेडा! तलवार नको!" तुम्ही सांगता. माग थांबतो. काका पोट धरून हसतात. "अण्णा, जपानी मानूस कन्नड बोलाय लागला व्हय? झोप लागली असंल तुमास्नी!" आठवड्याभरात सगळी गल्ली तुम्हाला बघून 'कत्ती बेडा' ओरडायला लागली. "म्या कानानं ऐकलंय," एवढंच तुम्ही म्हणालात. काकांनीच बोभाटा केला असं धरून त्यांच्याशी महिनाभर बोलला नाहीत, आणि गोष्ट मात्र पुन्हा कधीच सांगितली नाहीत.

गेल्या रविवारी सकाळी कॅम्पात तोच जुना पिक्चर पुन्हा लागला. पोस्टरवरच्या गवताच्या वहाणा बघून मी ओळखला आणि म्हाताऱ्या काकांना रिक्षात घालून हट्टानं नेलं. काय पिक्चर आहे, अण्णा! वारा सुटलाय, धूळ उडतेय आणि तो गडी नुसता उभा आहे. त्याच्या नुसत्या उभं राहण्यानं माझ्या अंगावर काटा आला. लढाई डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपली. मग त्यानं तलवार म्यानात सारली आणि तो काहीतरी पुटपुटला. 'कताना' एवढं मला ऐकू आलं, पुढचं तोंडातल्या तोंडात. खाली इंग्रजीत अक्षरं आली: तलवारीची गरज नाही. मी उभी राहून टाळ्या पिटायला लागले. मागचे 'बसा हो बाई' म्हणत होते, पण मी कशाला बसतेय! काका डोळे पुसत मागं वळले आणि त्या अनोळखी लोकांना म्हणाले, "माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं सांगितलंतं हे! भाषा चुकली, पर बरोबर ऐकलंतं त्येनं!"

हे पत्र टाकायचं कुठं? तुमच्या मागाच्या धोट्याशेजारी ट्रंकेत ठेवते. एक मात्र त्या हॉलातही काकांना सांगायचं धाडस झालं नाही. ते घरात हसले, तेवढंच. नळावर जाऊन पोरींना 'कत्ती बेडा' मी सांगितलं होतं.