कर्नल मगदूम यांच्या वाटणीची जमीन

मी, चंदना पार्श्वनाथ मगदूम, वय वर्षे सत्तर, राहणार हिंडलगा, तालुका व जिल्हा बेळगावी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही असं इथे लिहायची रीत आहे. मला तसं लिहिता येत नाही. दाब आहे. माझे धाकटे दीर सन्मती आणि माझा मुलगा अरिहंत यांनी चिकोडीच्या कोर्टात, माझी स्मृती गेली आहे, असं लिहून दिलं आहे. त्या दाबाला न जुमानता मी लिहिते आहे. आज सकाळी डॉक्टरांनी मला तपासून दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. कन्नड मला येतं, पण हे मी मराठीतच लिहिणार. कोर्टाने भाषांतर करून घ्यावं.

१. माझे पती लेफ्टनंट कर्नल पार्श्वनाथ मगदूम दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांनी नोंदणी केलेल्या मृत्युपत्राने हिंडलग्याचं घर आणि बोरगावच्या वडिलोपार्जित मळ्यातला आपला अर्धा हिस्सा मला दिला. मळ्याच्या उताऱ्यावर मात्र अजून एकट्या सन्मतींचं नाव आहे. ते म्हणतात, अण्णांनी, म्हणजे माझ्या पतींनी, हिस्सा तोंडी सोडला होता. हे खोटं आहे.

२. स्मृतीचा प्रश्न निघालाच आहे, म्हणून लिहिते. हे फौजेत निघाले तेव्हा सासऱ्यांनी जेवण सोडलं होतं. जैनाच्या मुलाने बंदूक धरावी हे त्यांना सोसेना. तरी हे गेले. सुट्टीवर आले की आमच्या मुलीच्या, श्रद्धाच्या, वेण्या हेच घालायचे. मला म्हणायचे, "तू बस. इतके महिने तूच घातल्यास." वेण्या इतक्या घट्ट की पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्यांच्याच पुढ्यात बसायची.

निवृत्त होऊन आले त्याच वर्षी सन्मती घरी आले. म्हणाले, "अण्णा, डुकरं ऊस लई खाया लागल्यात. तुझी बंदूक घिऊन यं की."

"कुंपण घालून देतो. बंदूक न्हाय आणणार."

"परक्यावर चालवलीस, आन घरच्या पिकासाठी न्हाय?"

सन्मती चहा न घेता उठले. पुढे महापुरापर्यंत भाऊ भावाशी बोलला नाही.

३. २०१९ चं पाणी बोरगावात शिरलं तेव्हा हे अडुसष्ट वर्षांचे होते, साखरेचा आजार होता. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "तिथं सरकारी बोटी आहेत. ज्यानं तुमचं तोंड पाहिलं नाही त्याच्यासाठी जायचं?"

म्हणाले, "बोट कुठल्या गल्लीतनं न्यायची हे त्या पोरांना कोण सांगणार? बाजूला हो."

पुढचं त्यांच्यासोबत गेलेले निवृत्त हवालदार मारुतीराव शिंदे यांनी पाहिलेलं आहे. सन्मती गच्चीवर होते. खाली गोठ्यात दोन म्हशी बांधलेल्या, पाणी त्यांच्या गळ्याला लागलेलं. "म्हशी सोडल्याबिगर मी यायचा न्हाय," एवढंच ते म्हणत होते. हे पाण्यात उतरले. गोठ्यात शिरून दोन्ही दावी कापली, म्हशी पोहत बाहेर पडल्या. मागून गोठ्याचा पत्रा यांच्या पायावर आला.

बोटीत सन्मतींनी तो पाय मांडीवर घेऊन आपल्या टॉवेलने बांधला. रडत म्हणाले, "अण्णा, वाटणी करून टाकू. तुझा हिस्सा तुझ्या नावावर घालतो." मारुतीरावांनी हे कानांनी ऐकलं आहे.

जखम भरली नाही. दिवाळीच्या आत पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सन्मती दवाखान्यात आले, खाटेपासून लांब उभे राहिले आणि गेले. वाटणीचं नाव पुन्हा त्यांनी काढलं नाही. यांनीही काढलं नाही.

४. मागच्या महिन्यात सन्मती आणि अरिहंत हक्कसोड पत्र घेऊन घरी आले. मळा प्लॉटवाल्याला जाणार आणि अरिहंतला त्यात वाटा मिळणार, हे मला श्रद्धाकडून आधीच कळलं होतं. अरिहंतने पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. "आई, सही कर. काकांना परत जायचंय."

"तुझे बाबा असते तर असं पेन पुढं केलं असतंस?"

"बाबा नाहीत आता."

मी पेन खाली ठेवलं. सन्मती म्हणाले, "वहिनी, मग कोर्टात बघू." आठ दिवसांत नोटीस आली.

५. आता वाटप. बोरगावचा माझा हिस्सा मी श्रद्धाला देते. तिने तो कसावा, खंडाने लावावा किंवा विकावा. सन्मतींना विकू नये. मळ्यातल्या विहिरीवर त्यांच्या म्हशींना पाणी पिऊ द्यावं, भांडण जनावरांशी नाही. बंदूक पोलीस ठाण्यात जमा आहे, ती कोणी सोडवून आणू नये. पदकं आणि गणवेश श्रद्धाकडे राहतील.

घर दोन्ही मुलांना निम्मं निम्मं. मात्र आईला भ्रम झाला आहे असं जे प्रतिज्ञापत्र अरिहंतने दिलं आहे, ते त्याने माझ्या हयातीत मागे घेतलं तरच. नाही घेतलं तर सगळं घर श्रद्धाचं. तो घरी आला तर दार उघडं आहे. त्याला जेवायला काय लागतं ते मला अजून आठवतं.

६. जाण्याच्या आदल्या आठवड्यात हे मला म्हणाले होते, "चंदना, सन्मतीला मी माफ केलंय. तूही कर." तेव्हा मी त्यांचं पांघरूण सारखं करत होते. काही बोलले नाही. त्यांना वाटलं असेल, मी हो म्हटलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांचा शब्द मी मोडला नव्हता. आज मोडते आहे. माफी त्यांनी दिली, त्यांचा पाय होता. तो पाय रोज सकाळी धुऊन, पुसून मी बांधत होते. मी माफ केलेलं नाही.

लिहिलेलं सगळं मी चष्मा लावून परत वाचलं. एकही शब्द खोडायचा नाही. याआधीचं माझं कुठलंही मृत्युपत्र नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲडव्होकेट मार्तंड देशपांडे, टिळकवाडी, यांनी करावी.

(सही) चंदना पार्श्वनाथ मगदूम

आमच्या समक्ष सही केली:
१. मारुतीराव गणपती शिंदे, निवृत्त हवालदार, निपाणी
२. यशोदाबाई भरमा पाटील, शेजारीण, हिंडलगा

ठिकाण: हिंडलगा
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५