हिच्या रेडिओसाठी आयर्न

४ जानेवारी
ही भावाकडे गेली. चार दिवस मोकळी हवा मिळावी म्हणून. (भाऊ भर बाजारात राहतो, खाली टायरचं दुकान. पण हवेचं असंच असतं, ज्याची त्याला मानवते.) दारात म्हणाली की दोन वर्षं माझ्या रेडिओची एक तार निघालेली आहे, तेवढी तुला जोडता आली नाही, आणि मी फक्त रेडिओबद्दल बोलत नाहीये. रागाच्या भरात माणूस असंबद्ध बोलतो. मुद्दा रेडिओचाच आहे.
संकल्प: ती यायच्या आत रेडिओ वाजला पाहिजे. त्यासाठी आधी चांगलं सोल्डरिंग आयर्न (तारा डागून जोडायचं तापतं हत्यार) निवडणे.

५ जानेवारी
वाचन. विषय अथांग. पंचवीस वॅट की साठ? कमी वॅटचं तापायला रडतं, जास्तीचं बोर्ड जाळतं. टिप टोकदार की छिन्नीसारखी? मी नोकरीने हिशेबनीस, पण वृत्तीने इंजिनिअर. पी हळद अन् हो गोरी आपल्याला जमत नाही.
मोठ्या बहिणीचा फोन. खालच्या दुकानात दे, तो उभ्या उभ्या जोडून देईल, आणि तू आधी जाऊन बायकोला घेऊन ये, असं म्हणाली. घरात मी असताना रेडिओ दुकानात? ताईला तापमान नियंत्रणाचं महत्त्व समजावलं. मध्येच फोन कट. रेंज नसावी.

९ जानेवारी
चार दिवस होऊन गेले. आली नाही. बरंच झालं, आयर्न अजून ठरत नाहीये.
मेव्हणा येऊन हिचे स्वेटर घेऊन गेला. शिलाई मशीनही. तिकडे थंडी असणार. काही शिवायचंही असणार. चपला घालता घालता, भावोजी, एक फोन तरी करा हो, असं म्हणाला. करणारच आहे. आयर्न येऊ दे. रिकाम्या हाताने काय बोलायचं?

१६ जानेवारी
हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या ग्रुपवर प्रश्न टाकला: कोणतं आयर्न घ्यावं? लगेच दोन तट पडले, हमरीतुमरी झाली. मग एकाने विचारलं की नेमकं जोडायचंय काय. एक तार, असं कळवलं. नंतर कोणीतरी हसरा चेहरा टाकला.
ग्रुप सोडला. उथळ माणसं.

२२ जानेवारी
आणलं! साठ वॅट. स्वस्त आणि दणकट. जुन्या तारांवर सराव. टिप काळी पडली. सोल्डर, म्हणजे जोडायचं कथील, चिकटेचना, गोळ्या होऊन टेबलभर पळत सुटलं. टिप पॉलिश पेपरने खसाखसा घासली. आरशासारखी झाली. उद्या रेडिओ.

२३ जानेवारी
टिप गेली. वरचा मुलामाच मी घासून काढला म्हणे. नव्या टिपला पहिल्याच तापात सोल्डरचा हात द्यायचा असतो, म्हणजे ती काळवंडत नाही. हे सोबतच्या पुस्तिकेत होतं. पुस्तिका मी गरम आयर्नखाली ठेवली होती. तिचा आता फक्त कोपरा शिल्लक आहे.
नाचता येईना अंगण वाकडं, असं ताई म्हणाली. अंगण खरंच वाकडं असू शकतं, याचा कोणी विचारच करत नाही.
संकल्प: यापुढे स्वस्तातलं काही घ्यायचं नाही.

२ फेब्रुवारी
हिचा फोन!! दुसऱ्या गावी नोकरी मिळते आहे, लांब आहे. जाऊ की राहू, ते तुला विचारून ठरवायचंय, असं म्हणाली. रविवारी संध्याकाळी येणार. टेबलावर काही नको, हातात काही नको, एकदा फक्त समोर बसून माझं ऐकून घे, असंही म्हणाली. मी बरं म्हटलं. ठेवू का म्हणाली. मी म्हटलं ठेव. ठेवायचा नव्हता.
हिच्याशिवाय घर खायला उठतं. हे इथे लिहून टाकतो, कोणी वाचत नाही म्हणून. दोन माणसांचा चहा रोज होतो आणि एक कप रोज ओततो.
असो. रविवारपर्यंत रेडिओ वाजलाच पाहिजे. तो वाजला की बोलायला उरतंच काय?

५ फेब्रुवारी
याला म्हणतात आयर्न. हवं ते तापमान आकड्यात लावता येतं. टिप पुसायला पितळी तारांचा बोळा. पहिल्याच तापात टिपला सोल्डर दिलं, चांदीसारखी झाली. सरावाचे सगळे जोड पक्के.
तार आजच जोडली असती. पण विचार केला, तिच्यासमोरच जोडावी. डोळ्यांनी पाहिलं की माणसाला पटतं.

८ फेब्रुवारी, दुपार
दाढी. इस्त्रीचा शर्ट. टेबल लख्ख: आयर्न, बोळा, रेडिओ, बास. टेबलावर काही नको म्हणाली होती, पण कामाचं सामान त्यात धरायचं नसतं.
‘जाऊ नकोस’ हे वाक्य तयार आहे. आरशासमोर म्हणून पाहिलं. जमतं. रेडिओ वाजला की लगेच म्हणायचं.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
आली. बारीक झाली आहे. समोर बसली आणि बोलायला लागली. मी म्हटलं, एक मिनिट, टिप तापली आहे. आधी माझं ऐक, म्हणाली. मी म्हटलं, एकच जोड. तू नुसतं राहा म्हण, मी राहते, असं म्हणाली. मी म्हटलं, हो हो, एक मिनिट. मान वर केली नाही, कारण हात हलला की जोड कच्चा येतो. तेही तिला सांगितलं. आधी तार तापवायची, मग सोल्डर द्यायचं, फुंकर मारायची नाही, आपोआप निवू द्यायचं, सगळं नीट समजावत गेलो. मध्ये तिने काही विचारलं नाही. लक्ष देऊन ऐकते आहे असं वाटलं, बरं वाटलं.
जोड चकचकीत आला. बटण फिरवलं. वाजला! आवाज स्वच्छ. कोणी बाई उद्याचं हवामान सांगत होती.
मान वर करून म्हटलं, जाऊ नकोस.
खुर्ची रिकामी होती. तिच्याकडची घराची किल्ली टेबलाच्या कडेला ठेवलेली होती. जिना उतरून कोपऱ्यापर्यंत अनवाणी धावलो. रिक्षावाल्याला विचारलं. त्याने कोणाला पाहिलं नव्हतं. म्हणजे कितीतरी वेळ मी खुर्चीला सोल्डरिंग शिकवत होतो.
ताईला फोन केला. रेडिओ चालू झाला, एवढंच बोलता आलं, पुढे रडूच फुटलं. रडत रडतच बाकीचं सगळं सांगितलं. मग तिने हळूच विचारलं की अरे, ती राहा म्हण म्हणाली तेव्हा तू काय म्हणालास.
एक मिनिट, असं म्हणालो होतो.